सहा चिठ्ठ्या, दोन लाल

१४ मार्च
बान डोन यांग

थावोन,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनच तू हे पत्र माशांच्या बर्फात टाकशील, असं मला दोन दिवस वाटतंय. चार वर्षं तुमच्या वह्यांत लाल शाईनं लिहीत होते, तेव्हा अक्षर काही लपायचं नाही. तुझा रानोंग बंदरातला पत्ता खेमनं दिला. आधी देईना. "दादा रागावेल, बाई," म्हणाला. मग मी त्याला फणसाचे गरे खायला बसवलं आणि तिसऱ्या गऱ्याला त्यानं पत्ता सांगितला. तुझा भाऊ तुझ्याच वळणावर गेलाय.

इकडे सगळं तसंच आहे. शेतं जाळल्याचा धूर आठवडाभर गावावर बसून आहे. नदी सकाळी दिसते, दुपारी दिसत नाही, संध्याकाळी पुन्हा जागेवर येते. मी निवृत्त झाले. दुपारी झोपाळ्यात पडते आणि डोळा लागला की शाळेची घंटा ऐकू येते, उठून बघते तर तुझ्या आईचा खलबत्ता.

खेमला एकवीस पूर्ण झाली. लष्कराचं बोलावणं आलंय. सात एप्रिलला आपल्याच शाळेच्या सभागृहात चिठ्ठ्यांचं मडकं मांडणार, लाल निघाली की छावणी, काळी निघाली की घर. गावातल्या सगळ्या आया सुकून गेल्यात, कोणी शंभर उकडलेल्या अंड्यांचा नवस बोललंय, कोणी दोनशे. एकटी तुझी आई निवांत. परवा कुंपणाशी म्हणाली, "आमच्या घराच्या वाटची लाल थावोननं काढली, दोन वर्षं छावणीत राहून आला. एका घरात दोनदा लाल निघत नसते. खेमला काळी, तो घरीच." एका अंड्याचाही नवस नाही. खेम स्वतःहून भरती झाला तर दोनाऐवजी एकच वर्ष लागेल, तेही तिनं ऐकून घेतलं नाही.

तू ये. भावासाठी ये. तुझी मुदत संपूनही वर्ष झालं, तू गावात पाऊल टाकलं नाहीस. लोक म्हणतात तुला समुद्र आवडला. मी मान डोलावते.

तीन वर्षांपूर्वीचं मनात धरू नकोस. माझ्या नोपची चिठ्ठी त्याच्या हातची, तुझी तुझ्या हातची. ज्याचं त्याचं नशीब. नोप आता खोनकेनला आहे, त्याला मुलगी झाली. तुझी आठवण काढतो. (काढतो असं मी म्हणते. तो म्हणतो, "आई, कशाला तो विषय.")

तुझी
साइफोनबाई


२१ मार्च
बान डोन यांग

थावोन,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांत तुझा पहिला शब्द. मी चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून वाचलं. वर बंदराचं चित्र, मागे एवढंच:

"मडक्यात सहा चिठ्ठ्या. दोन लाल, चार काळ्या. पहिला एक चिठ्ठी काढतो, परत ठेवत नाही. मग दुसरा काढतो. दुसऱ्याचं काय होईल हे पहिल्यावर अवलंबून आहे का? फक्त होय किंवा नाही. गुण एक."

हसू आलं. मग आलं नाही.

तुला आठवतं ना, मी हा धडा चिकट भाताच्या डबीतून शिकवायचे. डबीत उकडलेले शेंगदाणे आणि फणसाच्या आठळ्या. डोळे मिटून एक काढायचं, काय निघालं ते सांगायचं, परत ठेवायचं आणि डबी हलवायची. असं केलं की डबीला आधीचं काही आठवत नाही, प्रत्येक वेळ नवी. या दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र. आणि परत ठेवलं नाही की डबीतलं बदललं, पुढच्याच्या वाट्याला उरलेलं आलं. त्या घटना अवलंबून. तू पहिल्याच दिवशी आठळी काढलीस आणि तोंडात टाकलीस. "परत ठेव," म्हटलं तर म्हणालास, "आता कशी ठेवू बाई? गेली." अख्खा वर्ग हसला, आणि मला तो धडा पुन्हा शिकवावा लागला नाही.

आता तुझा प्रश्न. हा वाटतो तितका सोपा नाही. कोणी हात घालण्याआधी पाहिलं तर पहिल्याला लाल निघण्याची शक्यता सहांत दोन, म्हणजे तिनांत एक. दुसऱ्याचं बघ. पहिल्यानं काळी काढली तर उरल्या पाच, त्यांत दोन लाल. पहिल्यानं लाल काढली तर उरल्या पाच, त्यांत एक लाल. दोन्ही वाटा त्यांच्या त्यांच्या वजनानं धरून बेरीज केली की दुसऱ्याचीही तिनांत एकच येते. पुढे उभं राहा नाहीतर मागे, सुरुवातीला सगळ्यांचं सारखं. म्हणजे रांगेतली जागा बदलल्यानं कोणाचं काही बिघडत नाही. हे तूच नववीत फळ्यावर करून दाखवलं होतंस, मला आठ मिनिटं लागायची ते चारांत.

तेव्हा उत्तर असं एका शब्दात देता येत नाही. दोन्ही बाजू बघाव्या लागतात.

येतोयस ना? खेमला तुझा जुना निळा सदरा अगदी बेताचा बसतो.

साइफोनबाई


२९ मार्च
बान डोन यांग

थावोन,

माझं पत्र तू परत पाठवलंस. तळाशी लाल शाईनं तीन शब्द: "प्रश्न नीट वाचा."

हे तीन शब्द मी तीस वर्षं लोकांच्या मुलांच्या वह्यांत लिहिले. कसे लागतात ते आता कळलं.

दोन दिवस मी जेवले नाही म्हटलं तर खोटं होईल, जेवले, पण चव लागली नाही. काल दुपारी झोपाळ्यात डोळा लागला आणि ते मडकं दिसलं. शाळेत नाही, नदीत होतं, गळ्यापर्यंत पाण्यात. मी हात घातला. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, तळ लागेना. आत पाणी कोमट, आणि चिठ्ठ्या माशांसारख्या बोटांना लागून निसटत होत्या. एक हाती आली. मी मूठ उघडली तर आत तुझा हात. तू आतून धरलं होतंस. जाग आली तेव्हा धुरातून ऊन पिवळं झालं होतं आणि झोपाळा अजून हलत होता.

मी नीट वाचला प्रश्न. आता ऐक, कारण तुझ्याशिवाय हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, नोपलाही अर्धंच माहीत आहे.

त्या दिवशी साडेअकरा झाले होते. सभागृहात माणूस माणसाला चिकटलेलं, सगळ्यांच्या नाकाला हुंगायच्या कापूर-नळ्या. फळ्यावर खडूनं लिहिलेलं: उरल्या सहा, लाल दोन. रांगेत तू पुढे, नोप तुझ्या मागे, दोघांच्या छातीवर नंबर. नोपच्या खिशात ताईत म्हणून माझ्या लुगड्याची किनार, तुझ्या खिशात तुझ्या आईची. ती स्वतः आली नव्हती, बघवणार नाही म्हणून घरी भात शिजवत बसली होती. तिच्या जागी मी होते. तूच म्हणाला होतास, "आई नाही तर बाई आहेत."

आणि मी बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीपाशी आले आणि तुझा दंड धरून म्हणाले, "थावोन, नोपला आधी जाऊ देतोस?"

मला माहीत होतं की त्यानं काही फरक पडत नाही. गावात हे माहीत असलेली दोनच माणसं होती, एक मी आणि दुसरा तू. तरी मी विचारलं. रांगेत माझा मुलगा होता, आणि गणित सगळं मी बाजूला ठेवलं होतं. तू माझ्याकडे बघितलंस, हसलास, बाजूला झालास आणि नोपला म्हणालास, "जा रे पुढं. तुझी आई चक्कर येऊन पडेल, मग मलाच उचलून न्यावं लागेल."

नोपनं हात घातला. काळी. माझा जीव भांड्यात पडला. लोक ओरडले, मी दोरीखालून आत घुसून त्याला मिठी मारली.

मग तू. आता सहांत दोन नव्हतं. पाचांत दोन होतं. ते तसं झालं होतं कारण एक काळी माझ्या मुलाच्या हातात होती. लष्कराच्या साहेबांनी तुझी चिठ्ठी उघडून "लाल!" म्हटलं. तू चिठ्ठीकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस.

तू काय मागत होतास? मला वाटतं, काहीच नाही. मी यावं, तुझ्या डोक्यावर हात ठेवावा, एवढंच. आणि मी नोपला धरून, तिथूनच, मोठ्यानं म्हणाले, "ज्याचं त्याचं नशीब, थावोन."

असं कोणी उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता. मी जागा मागितली, त्याचा तुला राग नाही, हे मला आता कळतंय. तू ती समजून-उमजून दिली होतीस. राग आहे तो त्यानंतरच्या वाक्याचा. दोघांचं एकाच मडक्यातून आलं असताना मी म्हणाले की तुझा आमचा काही संबंध नाही. आणि या महिन्यातल्या पहिल्या पत्रातही तेच लिहिलं. तू कार्ड पाठवलंस ते त्यामुळेच.

उत्तर: होय.

गुण देऊ नकोस. उशिरा दिलेला पेपर आहे.

साइफोन


२ एप्रिल
बान डोन यांग

थावोन,

आज सकाळी तुझ्या घरी गेले. कुंपणातून गेले, आपल्या जुन्या फटीतून. तिथे आता कोवळं गवत आहे, तीन वर्षांत कोणी पाय दिला नव्हता. तीन वर्षं मी फक्त फणस पाठवत होते.

तुझी आई कोशिंबिरीसाठी कच्ची पपई कुटत होती. मला बघून पाट सरकवला. म्हणाली, "बाई, वाट चुकलात?"

"चाम्पी, दोन गोष्टी सांगायच्यात."

"एक चांगली, एक वाईट?"

"दोन्ही वाईट."

"मग दोन मिरच्या जास्त घालते," म्हणाली.

आधी खेमचं सांगितलं. म्हटलं, "थावोनच्या वेळचं मडकं वेगळं, हे वेगळं. याला त्याचं काही माहीत नाही. तुमच्या घरात एकदा लाल निघाली म्हणून खेमची एकही लाल कमी होत नाही. लमाईचा देचही यंदा रांगेत आहे, त्याचं जेवढं, तेवढंच ह्याचं."

"मडक्याला माहीत नसेल. वरच्याला आहे."

"वरच्याचं मी शिकवलं नाही कधी. चिठ्ठ्यांचं शिकवलं."

"तीन वर्षांनी आलात ते माझ्या पोराला लाल निघेल म्हणून सांगायला?"

"निघू शकते, एवढंच सांगायला. तू बेसावध राहू नकोस. मागच्या खेपेला ती आली तेव्हा तू आठ दिवस बोलली नव्हतीस."

ती कुटत राहिली. मग मी दुसरी गोष्ट सांगितली. जागा मागितल्याची, आणि त्या वाक्याची. बत्ता थांबला. कोंबडी परसातून आत आली, पाटाभोवती फिरली, बाहेर गेली, तरी थांबलेलाच. मला वाटलं आता तो माझ्या डोक्यात बसेल, आणि बसला असता तर मी हलले नसते.

ती म्हणाली, "म्हणजे ते फणस ह्याचे होते."

"हो."

"आणि मी म्हणायचे, बाईंचं मन किती मोठं."

तिनं पुन्हा कुटायला घेतलं. मिरच्या किती घातल्या देव जाणे. ताटलीत काढून माझ्यापुढे ठेवलं. "खा."

मी खाल्लं. तुला ठाऊक आहे, मला तिखट सोसत नाही. डोळ्यांतून, नाकातून धारा.

"रडताय की तिखट लागलं?"

"दोन्ही."

"बरं झालं," म्हणाली, आणि स्वतः घास घेतला. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ती तिखटाला सरावलेली आहे.

निघताना म्हणाली, "उद्यापासून फणस पाठवू नका. झाड दोघींच्या हद्दीत आहे, माझा मी काढीन." आणि मी फटीत अर्धी शिरलेली असताना मागून आवाज आला, "खेमला विचारते भरतीचं. ऐकला तर." दुपारी कुंपणापलीकडून ऐकलं, तो नाही म्हणाला. "मडकंच बघू," म्हणाला. तुम्ही भाऊ भाऊ.

तू यावंस असं मी आता मागत नाही. मागण्याचा माझा कोटा संपला. फक्त तारीख लिहिते: सात.

साइफोन


८ एप्रिल

थावोन,

या पाकिटावर पत्ता नाही, तिकीट नाही. कुंपणाच्या फटीतून कोंबडीच्या खुराड्यावर ठेवणार आहे. समोर बसून हे माझ्या तोंडून निघणार नाही, मी शिक्षिका आहे, समोर कोणी बसलं की मी शिकवायला लागते.

काल सकाळी तू सभागृहाच्या दारात दिसलास, तेव्हा मला वाटलं पुन्हा डोळा लागलाय. तू काळा पडलायस. खांदे रुंद झालेत. चाम्पीनं तुला बघितलं आणि पहिलं वाक्य काय, "चप्पल बाहेर काढली का?" मग तुझी बाही धरून ठेवली ती दुपारपर्यंत सोडली नाही.

मला तू नमस्कार केलास, लांबून. मीही केला. आपण तिघं दोरीपाशी उभे होतो, मध्ये तुझी आई.

फळा मी वाचत नव्हते, शप्पथ. पण डोळ्यांना सवय. सलग दोन लाल निघाल्या आणि उरल्या आठ, त्यांत दोन लाल. खेम पुढे, त्याच्या मागे लमाईचा देच. लमाई गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. तिचा चेहरा पाहिला आणि मला माझाच चेहरा दिसला. "बाई, दोन लाल आत्ताच गेल्या, आता लगेच नाही यायची. माझ्या देचला आधी जाऊ दे म्हणून सांगा ना खेमला. तुमचं ऐकतो तो."

मी दोरी धरून उभी राहिले. चाम्पी माझ्याकडे बघत होती, तू फळ्याकडे.

मग तू म्हणालास, "जाऊ दे रे खेम त्याला. पुढं काय, मागं काय, आत्ता सारखंच." आणि माझ्याकडे वळलास. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंस, "पण त्यानं काढली की ह्याचं बदलणार. हो ना, बाई?"

सभागृहात पंखे फिरत होते. माझ्या निम्म्या आयुष्याचे विद्यार्थी तिथे होते, कोणाची मुलं रांगेत, कोणी स्वतः रांगेत.

"होय," मी म्हणाले. "बदलणार."

देचनं काढली. काळी. लमाई किंचाळली. खेमनं काढली.

साहेबांनी लाल म्हटलं तेव्हा चाम्पी पडली नाही. मी तिला धरायला हात पुढे केला होता, तिनं तो नुसता धरला आणि म्हणाली, "बाईंनी सांगितलं होतं." एवढंच. तिच्या बोटांना मिरचीचा वास होता.

लमाई देचला मिठी मारून उभी होती. खेम सहा पावलांवर एकटा, तुझ्या निळ्या सदऱ्यात, चिठ्ठी हातात. तो लमाईकडे बघत होता. मला ती सहा पावलं माहीत आहेत. लमाईनं तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून काय येणार ते मला ठाऊक होतं, कारण ते माझ्या तोंडून आलं होतं. मी धावले. साठी ओलांडलेल्या गुडघ्यांनी दोरीखालून गेले, तिचा दंड पकडला आणि अक्षरशः ओढला.

"आधी त्याच्याकडे जा," म्हटलं. "आत्ता. बोलू नकोस काही. डोक्यावर हात ठेव. तीन वर्षं थांबशील तर पाय उचलणार नाही."

ती गेली. देचही गेला. खेम तिच्या खांद्यावर रडला आणि ती त्याच्या.

मी परत फिरले तेव्हा तू समोर होतास. मी म्हणणार होते, थावोन, मला क्षमा कर. शब्द तयार होते, पत्रात चार वेळा लिहून खोडले होते. तू बोलू दिलं नाहीस. मान खाली घातलीस, माझ्या उंचीपर्यंत, आणि थांबलास. मी हात ठेवला. तुझे केस खाऱ्या पाण्यानं राठ झालेत.

संध्याकाळी तुझ्या आईनं कुंपणावरून ओरडून सांगितलं, की खेम छावणीत जाईल, म्हणून तू रानोंग सोडणार, इथेच राहणार. एक गेला म्हणून दुसरा थांबला. याला काय म्हणतात ते तुला मी शिकवलंय, पुन्हा विचारत नाही.

पत्रासोबत भाताची जुनी डबी ठेवते आहे. फणस यंदा चाम्पीनं काढला, आठळ्या मी उकडल्या. मोजल्या नाहीत. हात घाल, येईल ती घे, आणि परत ठेवू नकोस. खा.

बाई